मुलाला अन्नाची ॲलर्जी असावी असं वाटतंय? मग आधी घड्याळ बघा

अंगावर पित्त उठलं की आपण पोटातल्या पित्ताला दोष देतो. शब्द एकच, म्हणून ही गल्लत होते. ते लाल, खाजरे चट्टे आम्लपित्तामुळे येत नाहीत. अन्नातलं एखादं प्रथिन शरीराच्या संरक्षण यंत्रणेला शत्रू वाटतं, ती हिस्टामिनसारखी रसायनं सोडते, आणि मग चट्टे उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते. मात्र मुलांना साध्या विषाणूच्या तापातही असेच चट्टे येतात. म्हणून घाईने अन्नाला आरोपी ठरवू नका.

पहिलं काम वेळ नोंदवण्याचं. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत त्रास झाला, तर ॲलर्जीचा संशय बळावतो. दूध पचायला जड जाऊन पोट फुगणं किंवा जुलाब होणं हा बहुधा दुधातल्या साखरेचा त्रास असतो, तो वेगळा. वहीत लिहा: काय खाल्लं, किती, किती मिनिटांनी काय झालं, ते किती वेळ टिकलं, त्या दिवशी ताप होता का. चट्ट्यांचा फोटो काढाच, दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते विरून जातात.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत फक्त संशयित पदार्थ थांबवा. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे असं सगळंच बंद करणारे पालक प्रेमापोटी तसं करतात, पण त्यात मुलाची वाढ खुंटते. शिवाय जे मूल एखादी गोष्ट आरामात खातं, त्याची ती बंद केल्यानेही पुढे ॲलर्जी होऊ शकते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयातच शेंगदाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली. पाचव्या वर्षी त्यांच्यातली शेंगदाण्याची ॲलर्जी, तो टाळलेल्या मुलांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. (बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खे दाणे नकोत, ते घशात अडकतात.)

तपासणी त्वचेवर टोचून किंवा रक्तातून होते. पण चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे ॲलर्जी असणं नव्हे. तुमच्या वहीशी ती जुळली तरच तिला अर्थ. म्हणूनच एका झटक्यात शेकडो पदार्थ तपासून हातात लांबलचक यादी देणाऱ्या चाचण्यांपासून मी पालकांना कळकळीने दूर राहायला सांगेन.

ॲलर्जी पक्की झाली की पाकिटावरचे घटक दर खेपेला वाचा. केसीन आणि व्हे म्हणजे दूधच. तळणीचं तेल, चमचा, सुरी यांतूनही अंश जातो. हात साबण-पाण्याने धुवा, सॅनिटायझरने प्रथिन निघत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खाल्ल्यानंतर धाप लागली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, आवाज घोगरा झाला, जीभ सुजली किंवा मूल एकदम गळून गेलं, तर हा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी आहे. इथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. ॲलर्जीचं सिरप खाज थांबवतं, श्वास मोकळा करत नाही, म्हणून ते देऊन वाट बघत बसू नका. डॉक्टरांनी इंजेक्शनचं पेन (घरीच टोचता येईल असं तयार भरलेलं ॲड्रेनलिन) दिलं असेल तर मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, गरज पडल्यास कपड्यांवरूनच लगेच टोचा आणि रुग्णवाहिका बोलवा. पेन नसेल तर एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठा. मुलाला आडवं ठेवा, धाप असेल तर बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस, असेल तर. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.

ही कृती कागदावर लिहून शाळेत, आजी-आजोबांकडे, पाळणाघरात द्या, आणि पेनवरची मुदत तपासत राहा.

दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. ती गेली का, हे बघायला घरी घासभर भरवून पाहू नका. ती परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या थोड्या मात्रेने घेतली जाते.