कोडियाकला निघताना पिस्तुलात काय भरायचं
अलास्कातल्या कोडियाक बेटावर हरणाच्या शिकारीला निघालेलं कुणी मला विचारतं, "अस्वलासाठी पिस्तुलात काय भरू?" मी आधी त्यांच्या हातातलं हॉलो पॉइंटचं, म्हणजे पोकळ टोकाच्या गोळ्यांचं, खोकं बाजूला ठेवायला लावते. माणसापासून बचाव करायला ती गोळी चांगली. अंगात शिरली की पसरते आणि लवकर थांबते. तपकिरी अस्वलापुढे नेमकं तेच नडतं. दाट केस, चरबी, खांद्याचे जाड स्नायू, मग हाड, एवढं पार करून गोळी मेंदूपर्यंत किंवा मणक्यापर्यंत पोचायला हवी. रायफलीपुढे पिस्तुलाची ताकद आधीच थोडी, ती पसरण्यात घालवू नका.

घ्यायची ती कठीण ओतीव शिशाची, वजनदार, रुंद सपाट नाकाची गोळी. दुकानात 'हार्ड कास्ट' म्हणून मागा. शिशात अँटिमनी आणि कथील असल्यामुळे ती सहसा चेपत नाही, आणि सपाट नाकामुळे सरळ आत जाते. वजन बंदुकीच्या मापाप्रमाणे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक): .४४ मॅग्नमला ३०० ग्रेनच्या आसपास, १० मिमीला २०० ते २२०, .३५७ मॅग्नमला १८० किंवा जास्त. घरात ९ मिमीच असेल तर १४७ ग्रेनची प्लस पी, म्हणजे जास्त दाबाची. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका मुरलेल्या गाइडने ९ मिमीच्या कठीण शिशाच्या गोळ्यांनी चाल करून आलेलं तपकिरी अस्वल पाडलं होतं. तेवढ्यावरून मी कुणाला ९ मिमी घ्या म्हणणार नाही, पण गोळीची जात किती महत्त्वाची ते यातून कळतं.

माझं पहिलं शस्त्र म्हणजे हलकं .४४ रिव्हॉल्व्हर. वजन कमी म्हणून घेतलं. अँकरेजच्या रेंजवर जड काडतुसं भरली, चार बार काढले आणि पाचव्याला सिलिंडर फिरेचना. बंदूक हलकी असली की धक्का जोरात बसतो. त्या हिसक्याने न उडालेल्या काडतुसातली गोळी पुंगळीतून पुढे सरकली होती आणि तिचं नाक सिलिंडरबाहेर येऊन अडकलं होतं. शेजारी उभा असलेला नवरा एवढंच म्हणाला, "अगं, हे तिकडे झालं असतं तर?" त्या रात्री मला झोप लागली नाही. रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्यांनी ही चाचणी कराच: सिलिंडर भरा, एक सोडून सगळे बार काढा आणि उरलेल्या काडतुसाची लांबी नव्याशी ताडून पाहा. वाढली असेल तर ते काडतूस त्या बंदुकीसाठी बाद.

मी मग १० मिमीच्या मॅगझिनवाल्या पिस्तुलावर आले. ग्रीनलंडमधली डॅनिश सिरियस गस्तही (कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून फिरणारी लष्करी तुकडी) ध्रुवीय अस्वलांसाठी १० मिमीच बाळगते. ग्लॉक कंपनीचं पिस्तूल असेल तर एक बघा: जुन्या पिढ्यांच्या मूळ नळीची आतली घडण बहुकोनी असते, आणि कंपनी त्यात उघड्या शिशाची गोळी वापरू नका म्हणते, कारण शिसं साचून दाब वाढू शकतो. नेहमीच्या खाचांची वेगळी नळी बसवा, नाहीतर तांब्याच्या आवरणाची सपाट नाकाची गोळी घ्या.

सरावाचं स्वस्त काडतूस सुरळीत चालतं म्हणून जडही चालेल असं धरू नका. सपाट नाक नळीत शिरताना अडकू शकतं. जे शिकारीला नेणार तेच, प्रत्येक मॅगझिनमधून, निदान शंभर बार काढून बघा. ओले हातमोजे घालून आणि एका हातानेही. खर्च होतो, पण तो टाळू नका. आणि दुसरा बार नेमका लागत नसेल तर एक पायरी कमी ताकदीची काडतुसं घ्या.

होल्स्टर छातीवर हवं. पाठपिशवीचा पट्टा कंबर झाकतो, आणि हरीण सोलायला वाकलात की रायफल हाताशी नसते. अस्वल येतं ते बहुधा तेव्हाच, रक्ताच्या वासावर. बेअर स्प्रेही, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, पट्ट्याला असू द्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अलास्कातल्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखलं होतं.

जिवावर बेतून अस्वल मारावंच लागलं, तर कातडं नखांसकट आणि कवटी काढून राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जमा करावी लागते, आणि १५ दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो.