आजोबांच्या ट्रंकेतले मिलिटरी मेडल : ओळख, शोध आणि जतन

सातारा, कोल्हापूर किंवा रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाली, तेथील जुन्या ट्रंकांत दुसऱ्या महायुद्धातील पदके अजूनही निघतात. त्यांतील बहुतेक मोहिमेतील सहभागाबद्दलची असतात. सहा टोकांचा तारा दिसला, तर तो शौर्याचा नव्हे. मात्र रुपेरी गोल पदकाच्या एका अंगाला राजाचा चेहरा, दुसऱ्या अंगाला पानांच्या वेढ्यात ‘फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड’ ही इंग्रजी अक्षरे आणि गडद निळ्या फितीच्या मधोमध तीन पांढऱ्या व दोन लाल रेघा असतील, तर ते १९१६ साली सुरू झालेले मिलिटरी मेडल हे ब्रिटिश शौर्यपदक होय.

असे पदक हाती येताच ते चिंच, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने चकचकीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. प्रत्येक घासणीत चांदी झिजते, आणि कडेवरची अक्षरे बुजली की पदक कोणाचे हे सांगणारा पुरावाच जातो. भिंग घेऊन, उजेड तिरपा पडेल असे धरून, कडेवरचा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उतरवून घ्यावी. शोध क्रमांकावरून घ्यावा, कारण एकाच नावाचे अनेक जवान असत आणि आडनावे कारकुनाला ऐकू आली तशी लिहिली जात. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च ब्रिटिश शौर्यसन्मान मिळालेले नामदेव जाधव यांचेही आडनाव इंग्रजीत एकाहून अधिक प्रकारे लिहिलेले आढळते.

पदक जाहीर झाल्याची नोंद ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात मिळते व त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. तेथे सहसा केवळ क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते; खरी हकिकत शिफारसपत्रात असते. दुसऱ्या महायुद्धातील ही पत्रे लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यू. ओ. ३७३’ या मालिकेत आहेत. त्यांत जवानाने कोणत्या दिवशी, कोणत्या ठाण्यासमोर काय केले हे लिहिलेले असते आणि खाली वरिष्ठांच्या एकामागून एक सह्या असतात. शिफारस कोणत्या सन्मानाची होती आणि प्रत्यक्षात कोणता मिळाला, हे अवश्य ताडून पाहावे.

फीत धुऊ नये, विटली असली तरी बदलू नये. पदक आम्लविरहित कागदात गुंडाळून, कोकणासारख्या दमट हवेत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि शिफारसपत्राची प्रत त्याच डब्यात घालावी.