टाईप वन मधुमेह: घरातली वही आणि दुसऱ्याच्या मुलाचा महिना

टाईप वन मधुमेह असलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे दोनशे पानी वही आणि दोरीने बांधलेलं पेन फ्रीजवर कायम असावं. वहीत वेळ, शुगर, इन्सुलिनचे युनिट आणि काय-किती खाल्लं असे चार रकाने आखा. कडेला एक रिकामा ठेवा: ताप, खेळ, परीक्षा, पाळी, लग्नातलं जेवण. मोबाईलमधलं ॲप चालतं, पण मूल आत्याकडे किंवा शेजारच्या काकूंकडे चार तास राहणार असेल तर त्यांना वही उघडून वाचता येते. तुमच्या फोनचं कुलूप उघडता येत नाही.

या वहीतून मुलाचा डोस कसा ठरतोय ते कळतं आणि महिन्याला नेमकं काय संपतं तेही कळतं. ज्याला अशा दुसऱ्या मुलासाठी पैसे द्यायचे आहेत किंवा गोळा करायचे आहेत, त्याला महिन्याच्या खपाचा हा आकडा सर्वात उपयोगी पडतो. त्याशिवाय केलेली मदत बहुधा चुकीच्या वस्तूवर खर्च होते.

आधी नातेवाइकांसाठी थोडं. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते, म्हणून इन्सुलिन बाहेरून द्यावं लागतं, आयुष्यभर. कारल्याचा रस, काढा, अंगारा यांपैकी काहीही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. ‘सुईची सवय लागेल’ म्हणून इन्सुलिन बंद केलं की मूल काही दिवसांत, कधी काही तासांत अतिदक्षता विभागात पोचतं. हे सांगताना संकोच करू नका, समोर घरातली कितीही मोठी व्यक्ती असली तरी.

लाल टोपी, नारिंगी टोपी

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं आणि सर्वात घातक चूक इथेच होते. साध्या १० मिलीच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिट असतात, म्हणजे बाटलीत ४००. इन्सुलिन टोचायच्या पेनमधल्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये (भरलेल्या नळीत) एका मिलीत १०० युनिट, म्हणजे एकूण ३००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. लाल सिरिंजमध्ये १०० वालं इन्सुलिन १० च्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात २५ युनिट जातात, आणि लहान मुलाला ते जिवावर बेतू शकतं. उलट केलं तर ठरलेल्या डोसपैकी फक्त ४० टक्के जातो आणि शुगर का उतरत नाही याचा कुणालाच पत्ता लागत नाही. औषधाच्या दुकानात बाटली आणि सिरिंज दोन्ही शेजारी ठेवून आकडा वाचा. दुकानदाराने ‘हीच चालते’ म्हटलं तरी वाचा.

ढगाळ दिसणारं इन्सुलिन तळहातांमध्ये हलक्या हाताने दहा-वीस वेळा फिरवा, झटकू नका. जे पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं त्यात गढूळपणा दिसला तर ती बाटली फेकून द्या. पेन असेल तर दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून थेंब आल्याची खात्री करा. सुई टोचून बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजा, मगच बाहेर काढा. जागा बदलत राहा: पोट, मांड्या, दंडाची मागची बाजू, कुल्हे. मुलांना एक जागा ‘दुखत नाही’ म्हणून आवडते, मग तिथेच टोचून टोचून चरबीची गाठ होते. गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. दर आठवड्याला अंघोळीच्या वेळी बोटांनी चाचपून पाहा. डोस तोच असून शुगर वरखाली उड्या मारत असेल, तर डोस वाढवण्याआधी गाठी शोधा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ अजिबात नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून स्वच्छ दिसलं तरी निकामी असतं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे, फार तापत नसलेल्या खोलीत टिकते. नेमकी मुदत त्या बाटलीच्या पत्रकात पाहा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. फ्रीज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या जागेत वाळू भरून ती दिवसातून दोनदा ओली करा, वर ओलं फडकं, आणि सावलीत ठेवा. बाटली आत झाकणाच्या डबीत असू द्या. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती छान चालते. कोकणात दमट हवेमुळे पाणी उडत नाही, त्यामुळे मडकं फारसं गार होत नाही. तिथे शेजाऱ्यांच्या फ्रीजचा आसरा बरा.

ताटातले ग्रॅम

पहिला महिना स्वयंपाकघरात वजनकाटा वापरा. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे शुगर वाढवणारा भाग, असतात. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४० च्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८, कपभर म्हणजे २०० मिली दुधात १०, मध्यम केळ्यात २५. ‘वाटीभर’ हे माप घरोघरी वेगळं असतं. मुलाची एकच वाटी ठरवा आणि ती एकदा भात, वरण, उसळ, पोहे भरून मोजा. डॉक्टरांनी १५ ग्रॅमला १ युनिट असं प्रमाण दिलं असेल तर दोन पोळ्या आणि २० ग्रॅम कर्बोदकांची उसळ मिळून ६० ग्रॅम, म्हणजे ४ युनिट. हे प्रमाण प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि एकाच मुलाचं सकाळी-संध्याकाळी वेगळं असू शकतं, त्यामुळे दुसऱ्याच्या वहीतून उचलू नका.

साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, जलद इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटं आधी. मूल ताटातलं संपवेल याची खात्री नसेल, विशेषतः तीन-चार वर्षांचं, तर वेळेचं डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या.

मोदक, पुरणपोळी, तिळगूळ यांवर सरसकट बंदी घातली की मूल लपून खातं, आणि लपून खाल्लेल्याला इन्सुलिन मिळत नाही. एक मोदक, मोजून, डोससह, जेवणासोबत. ‘शुगर फ्री’ मिठाई आणि डायबेटिक बिस्किटं मात्र घरात आणूच नका. त्यात मैदा आणि तूप असतंच, आणि पाहुणे ती निर्धास्तपणे मुठीने देतात.

शुगर लो झाली तर

७० च्या खाली म्हणजे लो. घाम, थरथर, चिडचिड, एकटक बघणं, अचानक शांत होणं. शंका आली आणि मीटर हाताशी नसलं तरी आधी साखर द्या. मोठ्या मुलाला १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे साखर, पाण्यात. लहानग्याला वजनाच्या हिशेबाने किलोमागे ०.३ ग्रॅम, पंधरा किलोच्या मुलाला एक चमचा पुरतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा. लाडू किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. सावरल्यावर जेवणाला वेळ असेल तर अर्धी पोळी द्या. घाबरून चार लाडू भरवले की दोन तासांनी ३०० दिसतात आणि मग जास्तीच्या इन्सुलिनने पुन्हा लो, असा फेरा रात्रभर चालतो.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, घरात ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं इंजेक्शन) असेल तर २५ किलोखालच्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम, त्यावरच्या मुलाला एक मिलिग्रॅम टोचा आणि १०८ लावा.

संध्याकाळी खूप कबड्डी-फुटबॉल झालं असेल तर लो मध्यरात्रीनंतर येऊ शकतो. त्या रात्री दोन-तीन वाजता एक तपासणी ठेवा.

ताप, जुलाब, उलट्या असताना ‘काही खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला’ हा विचार फार मुलांना दवाखान्यात नेतो. आजारपणात डोस कमी-जास्त होईल, पण इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. दर दोन-तीन तासांनी शुगर बघा; २५० च्या वर राहिली किंवा उलट्या होत असतील तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारे घातक पदार्थ) पट्टीने तपासा. पोटदुखी, सतत उलट्या, खोल भराभर श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास: घरी थांबू नका.

शाळेत मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि खेळाचे सर यांना एका पानाचं पत्र द्या. मूल वर्गात कधीही खाईल, तपासेल, लघवीला जाईल; लो झाल्यावर एकटं कुठेही पाठवायचं नाही. साखरेच्या पुड्या दप्तरात, वर्गाच्या कपाटात आणि खेळाच्या खोलीत ठेवा. सीबीएसईने २०१७ सालापासून टाईप वनच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ बरोबर नेण्याची मुभा दिली आहे. शाळा कुरकुर करत असेल तर हा दाखला उपयोगी पडतो.

आता दुसऱ्याच्या मुलाचा महिना

वहीतून खप काढा. दिवसाला २५ युनिट म्हणजे महिन्याला ७५०. ४०० युनिटच्या दोन बाटल्या जेमतेम पुरतात. दिवसातून चार वेळा शुगर तपासणी म्हणजे ग्लुकोमीटरच्या महिन्याला १२० पट्ट्या, पन्नासच्या डब्या अडीच. पट्टी कंपनीनुसार दहा ते पंचवीस रुपयांना पडते, म्हणजे पट्ट्यांचाच खर्च बाराशे ते तीन हजार. साधं इन्सुलिन त्यापेक्षा बरंच स्वस्त, आणि सरकारी रुग्णालयात बऱ्याचदा मोफतही मिळतं. पट्ट्या क्वचितच मिळतात. म्हणून गरीब घरातलं मूल इन्सुलिन घेतं, पण आंधळेपणाने, दिवसातून एकदाही न तपासता. द्यायचं असेल तर पट्ट्या द्या.

नवा ग्लुकोमीटर भेट देणं दिसायला छान, पण मीटर स्वस्तात, कधी पट्ट्यांबरोबर फुकटही येतं. ज्या मीटरच्या पट्ट्या तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत ते दोन महिन्यांत अडगळीत जातं. आधी विचारा, मूल कोणतं मीटर वापरतं? मुदत संपत आलेल्या पट्ट्यांचा ढीग देऊ नका, उघडी डबी तर नकोच. दमट हवेत पट्टी चुकीचा आकडा दाखवते. डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं म्हणून उरलेल्या सीलबंद बाटल्या थेट कुणाच्या हातात न देता मधुमेहाच्या दवाखान्याकडे द्या आणि त्या सतत फ्रीजमध्ये होत्या का ते खरं सांगा. वापरलेलं पेन कधीच दुसऱ्याला नको, सुई बदलली तरी नको; कार्ट्रिजमध्ये रक्त शिरलेलं असू शकतं.

१४ नोव्हेंबर हा इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे बालदिनही त्याच दिवशी. त्या आठवड्यात फोटो आणि किट भरपूर. डिसेंबरात पट्ट्या पुन्हा संपतात. म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा सोसायटीतल्या दहा घरांनी दरमहा दोनशे-तीनशे रुपये बारा महिने देणं जास्त कामाचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांचं वाण लुटण्याऐवजी तेवढीच रक्कम ‘एका मुलाचा एक महिना’ म्हणून काढता येते. मागताना कहाणी कमी आणि हिशेब जास्त सांगा: ‘इतक्या पट्ट्या, इतके रुपये, इतके महिने.’ लोक त्याला पटकन होकार देतात, आणि पुढच्या वर्षीही देतात.

महाराष्ट्रात टाईप वनच्या मुलांसाठी काम करणाऱ्यांत नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरची उडान, मुंबईचं जुवेनाईल डायबेटिस फाउंडेशन ही माहितीतली नावं. संस्था कोणतीही असो, देण्याआधी थेट विचारा: मुलांना दरमहा किती पट्ट्या मिळतात? मूल किती वर्षांचं झाल्यावर मदत थांबते? समुपदेशक किंवा आहारतज्ज्ञ आहे का? अठराव्या वर्षी मदत तुटते का, हा प्रश्न विसरू नका. इन्सुलिन त्याच्या वाढदिवसाला थांबत नाही.

करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका, ती सवलतीला धरली जात नाही. ८०जी म्हणून ओळखली जाणारी ही सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. परदेशातल्या नातेवाइकांनी द्यायचं असेल तर पासपोर्ट बघा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. नागरिकत्व बदललेल्यांचे, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, धरले जातात, आणि ते फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेलाच तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यात घेता येतात.

तुमच्या मुलाला या देण्यात घ्यायचं की नाही, हे त्याला विचारा. काही मुलांना पट्ट्यांच्या डब्या मोजून पिशव्या भरायला आवडतं, काहींना आजाराचा विषयच नको असतो. त्याला व्यासपीठावर उभं करून ‘माझा मधुमेह’ बोलायला लावू नका, आणि मदत घेणाऱ्या मुलाचा चेहरा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. गावात त्याचं नाव पसरतं आणि मुलगी असेल तर पुढे स्थळ बघताना तेच पुढे येतं. पोच हवी असेल तर संस्थेकडून महिन्याचा खप मागा: पट्ट्या किती, बाटल्या किती.