आधी भंगारातलं बॉनेट, मग गिऱ्हाईकाची गाडी

अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये नवा पोरगा आला की रोटरीसोबत, म्हणजे गाडीचा रंग पॉलिश करायच्या गोल फिरणाऱ्या मशीनसोबत, मी त्याला भंगारातलं काळं बॉनेट देतो. काळंच, कारण त्यावर प्रत्येक चूक दिसते.

पत्रा धुवा, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवा, कडा आणि रबर मास्किंग टेपने झाका. वायर खांद्यावरून मागे टाका. मशीनच्या फोम पॅडवर कंपाउंडचे (ओरखडे घासून काढणाऱ्या पेस्टचे) वाटाण्याएवढे चार ठिपके पुरे. पॅड पत्र्यावर टेकवूनच बटण दाबा. ६०० आरपीएमवर (मिनिटाला ६०० फेरे) पसरवा, मग १२०० च्या आसपास न्या. दीड फुटाचा चौकोन, आधी आडवे हात, मग उभे. पॅड सपाट, आणि एका जागी क्षणभरही थांबायचं नाही. रोटरी नुसती गरगर फिरते, उष्णता तिथेच साठते, आणि क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माझ्या हातून एका दाराची कड अशीच जळाली. खालचा राखाडी प्रायमर अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून कडेपाशी पॅडचा फेरा बाहेरच्या बाजूला सुटला पाहिजे, कडेवर चढता कामा नये.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार. तापल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकतं. सकाळी सातला, सावलीत बसा. मधूनमधून तळहात लावा. चटका बसला तर मशीन बंद.