ग्रॅव्हल बाईक घेताय? मुंबईत तरी या चुका टाळा

ग्रॅव्हल बाईक म्हणजे रोड सायकलसारखीच, पण जाड टायर बसणारी, डांबराबरोबर खडी-मुरुमावरही चालणारी सायकल. हा प्रकार मोठा झाला अमेरिकेत. कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्समध्ये 2006 पासून जी रेस होते तिथे लांबच लांब खडीचे रस्ते आहेत, आणि यूट्यूबवर आपण जे रिव्ह्यू बघतो ते बहुतेक तसल्याच रस्त्यांसाठी केलेले असतात. आपल्याकडे खराब रस्ता सोसायटीच्या गेटपासूनच सुरू होतो. आधी उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग घोडबंदर रोडचे खड्डे, मग ठाण्यातल्या येऊरच्या पाड्यांकडे जाणारा मुरूम, आणि कर्जतच्या पुढे गेलात तर पावसाळ्यात चाकाला लगदा होऊन चिकटणारा चिखल, आणि हे सगळं एकाच रविवारी. म्हणून माझं सरळ मत आहे की पैसे आधी टायरची जागा, गिअर आणि फ्रेमचं माप यात घाला, कार्बन आणि इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग नंतर बघू.

टायर क्लिअरन्स (फ्रेममध्ये टायरला असलेली जागा) न विचारता सायकल घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण बाकी सगळं बदलता येतं पण फ्रेममधली जागा वाढवता येत नाही. दुकानात सायकलवर 35चे (म्हणजे 35 एमएम रुंद) टायर असतात, दिसायला छान दिसते, आणि जूनमध्ये 42 टाकायला गेलं की मागे चेनस्टेला (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या नळ्यांना) घासतं. विचारायचंच, की यात जास्तीत जास्त किती एमएम बसतो, आणि मडगार्ड लावल्यावर किती? टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान 5-6 एमएम मोकळी जागा हवी, नाहीतर चिखल अडकून चाक जाम होतं आणि अडकलेली खडी फ्रेमचा रंग खरवडून काढते.

माझ्या मते मुंबई आणि आसपाससाठी 700 बाय 40 (700 हे चाकाचं माप, 40 ही टायरची रुंदी) हे माप सगळ्यात कामाचं, मध्ये जवळजवळ गुळगुळीत आणि बाजूला छोटे नॉब (रबराचे उंचवटे) असलेलं. खूप नॉबी टायर घेऊ नका, येऊर असो वा कर्जत, तिथे पोचेपर्यंत सगळं डांबर आणि काँक्रीटच आहे, तेवढ्यात दमून जाल. काही फ्रेममध्ये 650बी (700 पेक्षा लहान) चाकं पण बसतात, 47चा टायर लावला की चाकाची एकूण उंची साधारण 700 बाय 28 एवढीच होते त्यामुळे सायकलचा स्वभाव फारसा बदलत नाही, पण टायर-ट्यूब हाताशी मिळणं आणखी अवघड होतं हे धरून चाला.

हवा जास्त मारणं

टायरवर लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा आहे, तेवढी भरायचीच असं नाही. 70 किलोच्या माणसाला 40च्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये 30 ते 35 पीएसआयपासून सुरुवात करायची, मागे पुढच्यापेक्षा 2-3 जास्त. ट्यूब असेल तर 40च्या आसपास, कारण कमी हवेत खड्ड्याच्या कडेला आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि दोन बारीक भोकं पडतात (सापाने चावल्यासारखी, जोडीने भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच). हात बधिर होतात, खडीवर पुढचं चाक उडतं, उतारावर विश्वास वाटत नाही, या तिन्ही तक्रारींवर नवीन पार्ट घ्यायच्या आधी 5 पीएसआय कमी करून बघा. रिम हुकलेस (टायर अडकवायला आतून कड नसलेली) असेल तर 72.5 पीएसआयच्या वर कधीच नाही, पंपावरच्या माणसाने घाईत 80 मारली तर टायर रिमवरून निसटू शकतो.

आणि व्हॉल्व! या सायकलींना प्रेस्टा नावाचा बारीक व्हॉल्व असतो, आपल्या पंक्चरवाल्याकडचा पंप त्याला लागत नाही. छोटा पितळी अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्वलाच लावून ठेवा. रिमचं भोक पण बारीक असतं त्यामुळे गावातल्या दुकानातली जाड व्हॉल्वची ट्यूब त्यात जातच नाही, म्हणून ट्यूबलेस असलं तरी प्रेस्टाच्या दोन ट्यूब स्वतःच्या बॅगेत हव्यातच.

ट्यूबलेस करून विसरून जाणं

सीलंट (ट्यूबलेस टायरमध्ये घालायचा, भोक बुजवणारा द्रव) आपल्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक काढून कानाजवळ हलवा, आत पाण्यासारखा आवाज आला नाही तर भरायची वेळ झाली. बारीक काटा सीलंट सांभाळतं, मोठं भोक असेल तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) लागतो, आणि साइडवॉल (टायरची बाजू) फाटली असेल तर आतून जुन्या टायरचा किंवा टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा लावून, वर ट्यूब टाकून घरी यायचं.

गिअर

शहरात फिरून बघितलं तर कुठलाही गिअर पुरतो, खरी परीक्षा माळशेजला किंवा येऊरच्या चढावर बॅगा लावून. स्वस्तातल्या काही सायकलींना पुढे पेडलपाशी 40 दातांची एकच चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागे 11-34 कॅसेट (11 ते 34 दातांच्या चकत्यांचा संच) असते, म्हणजे सगळ्यात हलका गिअर 1.18, मुरुमाच्या चढावर गुडघे बोलायला लागतात. 40 ला मागे 42 असेल तर 0.95, आणि दोन चेनरिंगवाल्या 46/30 ला 34 लावला तर 0.88. हिशोब सोपा आहे, पुढचे दात भागिले मागचे दात, आणि उत्तर एकच्या खाली हवं. पुढे एकच चेनरिंग असेल तर डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या भागाला) क्लच (चेन ताणून धरणारी सोय) आहे ना ते पण बघा, खडबडीत रस्त्यावर चेन उडत असेल तर बहुतेक वेळा क्लच नसतो किंवा बंद राहिलेला असतो.

माप चुकलं तर काहीच जुळत नाही. डिस्काउंटमध्ये एक साइज मोठी मिळतेय म्हणून घेऊ नका, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून थोडंच सावरता येतं. निदान अर्धा तास चालवून बघायला मागा.

ब्रेक ओरडतायत?

बहुतेक वेळा कारण म्हणजे तेल. चेनला स्प्रे मारताना तो ब्रेकच्या डिस्कवर उडतो आणि ब्रेक पॅड ते तेल पितात. स्प्रे वापरूच नका, थेंबाचं ल्यूब घ्या, पावसाळ्यात वेट आणि उन्हाळ्यात ड्राय किंवा वॅक्स. डिस्क आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसायची, पॅड तेल प्यायले असतील तर बदलायचे. नवीन पॅड लावल्यावर मोकळ्या उतारावर वीसेक वेळा जोरात वेग कमी करून ते बसवून घ्या, पूर्ण न थांबता. पावसात रेझिन पॅड भराभर झिजतात, मेटॅलिक टिकतात, पण काही डिस्कवर फक्त रेझिन पॅड चालतील असं कोरलेलं असतं ते आधी वाचा. हायड्रॉलिक ब्रेक असेल आणि गाडीत टाकायला चाक काढलं असेल तर लिव्हर दाबू नका, पॅडच्या मध्ये दुमडलेला पुठ्ठा घाला.

खारी हवा आणि वॉशिंग सेंटर

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, किंवा मार्वेहून फेरीने मनोरी आणि मग गोराई-उत्तन, या राईड मला मनापासून आवडतात. पण ओल्या वाळूवरून सायकल नेली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची, चेन पुसून ल्यूब करायची, सोमवारवर ढकलायचं नाही. मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरला मात्र नेऊ नका, तो फवारा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडल जिथे फिरतात त्या सांध्याच्या) बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन टाकतो आणि पाणी आत बसतं. नवीन घेताना शक्यतो थ्रेडेड (आट्यांनी बसणाऱ्या) बॉटम ब्रॅकेटची घ्या, आपल्या पावसात प्रेसफिट (दाबून बसवलेलं) लवकर करकरायला लागतं आणि दुरुस्तीला विशेष टूल लागतं. तरीही करकर आली तर आधी सीटपोस्ट काढून पुसून परत लावा (अ‍ॅल्युमिनियमला ग्रीस, कार्बनला कार्बन पेस्ट), मग थ्रू-अ‍ॅक्सल (चाक धरणारा आरपार दांडा), मग पेडल. बॉटम ब्रॅकेट उघडायची वेळ बऱ्याचदा येतच नाही.

एक शेवटचा पार्ट, डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमवरचा छोटा तुकडा. सायकल पडली की आधी तो वाकतो, तसा तो बनवलेलाच असतो, पण बऱ्याच मॉडेलचा वेगळा असल्यामुळे दुकानात आयत्या वेळी मिळत नाही. सायकलच्या बिलातच एक जास्तीचा लावून घ्या आणि चेनच्या क्विक लिंकसोबत (चेन जोडायच्या कडीसोबत) सॅडल बॅगेत टाकून ठेवा.