बायबलमधली भाकितं वाचताना या चुका टाळा

युद्धाची बातमी येते आणि संध्याकाळपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मत्तय २४, म्हणजे युद्धं, दुष्काळ आणि भूकंप होतील असं सांगणारा अध्याय, फिरायला लागतो. भूकंप झाला, साथ आली, नवं ओळखपत्र निघालं, तरी तेच. असे मेसेज पाठवणाऱ्यांची श्रद्धा कमी पडते असं मुळीच नाही. बऱ्याचदा त्यांचं शास्त्र आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. गडबड होते ती प्रश्नांच्या क्रमात. 'हे आज कुणाला लागू पडतं?' असं आधी विचारलं जातं आणि 'ज्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं त्यांना काय कळलं असेल?' हे विचारायचं राहूनच जातं.

कॅलेंडरवरचं वचन

यिर्मया २९:११ सगळ्यांच्या ओळखीचं: देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर, दहावीच्या शुभेच्छांत, नव्या घराच्या भिंतीवर ते असतंच. आता फक्त एक ओळ वर सरका. दहावं वचन म्हणतं, बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर. हा अध्याय म्हणजे संदेष्टा यिर्मयाने बाबेलात बंदिवासात नेलेल्या यहूद्यांना धाडलेलं पत्र, आणि ज्यांना ते वाचून दाखवलं त्यांच्यातले बहुतेक जण ते हित पाहायला जिवंत राहणार नव्हते. त्यांना सांगितलं होतं ते असं: तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा आणि ज्या शहरात नेऊन ठेवलंय त्याच शहरासाठी प्रार्थना करा.

आदल्या अध्यायात याच्या नेमकं उलटं बोलणारा माणूस भेटतो. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया 'आमेन' म्हणतो, परमेश्वर तसंच करो म्हणतो. पण शांतीचं भाकीत खरं ठरलं तरच संदेष्टा खरा, असंही बजावतो. तेव्हा हनन्या यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून घातलेलं, लाकडी जू काढून सगळ्यांदेखत मोडतो. यिर्मया वाद न घालता निघून जातो आणि नंतर परत येतो तो लोखंडी जूचा निरोप घेऊन. हनन्या त्याच वर्षी मरतो.

म्हणजे आपण कॅलेंडरवर यिर्मयाचं वचन छापतो आणि मनात अर्थ हनन्याचा धरतो. उपाय सोपा आहे: मागचापुढचा अध्याय वाचल्याशिवाय वचन स्वतःला लावून घेऊ नका. 'मग हे माझ्यासाठी नाहीच का?' आहे की, पण त्या सत्तर वर्षांसकट.

भाकीत म्हणजे फक्त पुढचं सांगणं, असं धरणं

होशेय ११:१ म्हणतो, मी आपल्या पुत्राला मिसर देशातून बोलावलं. मत्तय २:१५ मध्ये हे येशूच्या बालपणी पूर्ण झालं असं लिहिलंय. पण होशेय तिथे पुढचं सांगतच नाहीये. तो मागे, मिसरातल्या सुटकेकडे बघतोय आणि 'पुत्र' म्हणजे इस्राएल राष्ट्र. दुसऱ्याच वचनात हा पुत्र बआल-मूर्तींना बळी देतो. ती ओळ येशूला कशी लावणार?

इथे टीकाकार म्हणतात, मत्तयाने संदर्भ तोडला. आपल्यातले काही जण मग दुसरं वचन वाचायचंच टाळतात. दोन्ही घाईचे मार्ग. मत्तय एक घाट दाखवतोय: इस्राएल मिसरातून निघालं, पाण्यातून गेलं, रानात चाळीस वर्षं अडखळलं, येशूही मिसरातून आला, बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरला, रानात चाळीस दिवस टिकला. राष्ट्राला जे जमलं नाही ते या पुत्राने केलं, हे त्याचं म्हणणं. ते पटो न पटो, आधी कळायला तरी हवं.

मत्तय येशूच्या जन्माला लावतो त्या यशया ७ मधल्या इम्मानुएल नावाच्या मुलाच्या भाकिताचं तसंच. दिमिष्काचा रसीन आणि शोमरोनचा पेकह चालून आल्यामुळे यहूदाचा राजा आहाज घाबरलाय. इम्मानुएलाच्या चिन्हाला तिथे मुदत घातलेली आहे: मुलाला बरंवाईट कळायच्या आत या दोन राजांचा देश ओसाड होईल. फक्त सात शतकांनंतरचं काहीतरी त्यात असेल तर आहाजाला त्याचा काय उपयोग? कुणी म्हणतं पूर्तता दोनदा झाली, कुणी म्हणतं फक्त ख्रिस्तात, कुणी म्हणतं फक्त आहाजाच्या काळात. मी पहिल्या बाजूचा आहे. पण नाताळच्या उपदेशात आहाजाचं नावही न घेणं मला खटकतं.

आणि संदेष्टा योना? चाळीस दिवसांनी निनवे शहर उलथेल असं त्याने सांगितलं, अट कुठलीच घातली नाही. निनवेने पश्चात्ताप केला, शहर वाचलं, योना रुसून बसला. यिर्मया १८:७-१० वाचलं की उलगडा होतो: लोक वळले तर देवही आपला निर्णय फिरवतो.

६६६ घेऊन शोधाशोध

बारकोड, आधार, कोविडची लस, कपाळावरची चिप. प्रकटीकरण १३:१८ मध्ये ६६६ हा श्वापदाचा आकडा आहे, आणि दर काही वर्षांनी त्याला नवा आरोपी मिळतो. ग्रंथ तर सुरुवातीलाच पत्ता सांगतो: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सात मंडळ्या. लसीची चिप त्यांना काय कळणार होती?

आपल्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रात कमळ, पंजा आणि घड्याळ भांडताना दिसले तर कुणी फुलांचा अभ्यास करत नाही. प्रकटीकरणातली श्वापदं तशीच, तेव्हाच्या वाचकाच्या ओळखीची. सतराव्या अध्यायात सात डोंगरांवर बसलेली स्त्री म्हणजे रोम, हे त्यांना सांगावं लागलं नसणार.

रोमन सम्राट नीरोचं नाव ग्रीक उच्चाराप्रमाणे 'नेरोन कैसर' असं हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या तर बेरीज ६६६ येते. 'नेरोन'मधला शेवटचा 'न' गाळला की ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. म्हणून बरेच अभ्यासक नीरोकडे बोट दाखवतात. आक्षेपही आहे: पुस्तक ग्रीकमध्ये, मग हिशोब हिब्रूत का? दुसऱ्या शतकातल्या बिशप इरेनियसला ६१६ चा पाठ माहीत होता, त्याने तो नाकारला. ६६६ साठी दोनतीन नावं त्याने सुचवली, पण नीरोचं नाही, आणि ठामपणे नाव घेऊ नका असं बजावलं. पहिल्या वाचकांनंतर शंभरेक वर्षांतच ही स्थिती. तेव्हा बारकोडबद्दल छातीठोक बोलणाऱ्याला एवढंच विचारावं, इरेनियसला जे जमलं नाही ते तुम्हाला कसं जमलं?

यहेज्केलात इस्राएलवर चालून येणारा शत्रू गोग, त्याचंही असंच होत आलंय. चौथ्या शतकात बिशप अँब्रोजला तो गॉथ टोळ्यांत दिसला, लूथरला तुर्कांत, विसाव्या शतकात अनेकांना सोव्हिएत रशियात. ज्याच्या दारात जो शत्रू, तो गोग.

तारीख काढणं

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. त्याचा हिशोब असा: दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षं, मोजणी ख्रिस्तपूर्व ४५७ पासून, म्हणून ख्रिस्त १८४३ च्या सुमारास येणार. मग लक्षात आलं की शून्य नावाचं सालच नव्हतं, हिशोब १८४४ वर गेला. चळवळीतल्या लोकांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. दिवस उजाडला, मावळला. त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित केली. पुण्यात औंधची स्पायसर संस्था त्यांचीच. अमेरिकन रेडिओ उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंगने तर २१ मे २०११ अशी तारीख देऊन जगभर फलक लावले, मग ती ऑक्टोबरवर ढकलली.

तारीख ऐकली की बेरीज तपासत बसू नका, बेरीज बहुधा बरोबरच असते. सुरुवातीचं वर्ष कुणी ठरवलं आणि दिवसाचं वर्ष का केलं, ते विचारा. मार्क १३:३२ तर सगळ्यांना पाठ आहे: तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही.

एका पठडीला शास्त्र समजणं

मंडळी आधी स्वर्गात उचलली जाईल, मग सात वर्षांचं संकट, मग हजार वर्षांचं राज्य. हा तक्ता अनेक ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल घरांत इतका मुरलाय की तो बायबलच्या पानावर छापलाय असं वाटतं. आणि एका आवृत्तीत तो खरंच छापलेला होता! ब्रदरन चळवळीतल्या जॉन नेल्सन डार्बीने १८३० च्या दशकापासून मांडलेली ही पद्धत १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून घराघरांत गेली. वचन आणि टीप एकाच पानावर, मग वाचणारा फरक कुठे करणार? ऑगस्टीनच्या परंपरेत मात्र ती हजार वर्षं म्हणजे मंडळीचा आजचा काळ, आणि कॅथलिक शिकवणीला पृथ्वीवरच्या सहस्र वर्षांच्या राज्याची कल्पना मान्य नाही. वसईची कॅथलिक मुलगी ब्रदरन घरात सून म्हणून आली की जेवणाच्या टेबलावर हा वाद निघतोच.

निघाला तर निघू द्या, पण कोण कुठल्या पठडीतून बोलतंय ते आधी स्पष्ट करून घ्या. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन स्वतः यरुशलेमेतल्या हजार वर्षांच्या राज्यावर ठाम विश्वास ठेवणारा. तरी ट्रायफो या यहूदी माणसाबरोबरच्या संवादात तो लिहून ठेवतो की शुद्ध विश्वासाचे अनेक खरे ख्रिस्ती लोक असं मानत नाहीत.