कारखान्याने वसवलेल्या गावाचा इतिहास कसा लिहावा

सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचा इतिहास लिहायला बसलेला माणूस कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरुवात करतो. ती हकिगत छापून आलेली आहे. बेळगावची जागा सोडावी लागली, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ दिला आणि १९१० साली तिथे वाडी वसली. एवढं एका परिच्छेदात लिहून पुढे चला. माझे वडील फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे कामगार होते. त्यांच्यासारख्यांचं म्हणणं कुठे छापलेलं नाही, आणि ते सांगणारी माणसं आता थकली आहेत. म्हणून आधी त्यांच्याकडे जा, ग्रंथालयात नंतर.

जाताना कोरा कागद आणि पेन्सिल न्या. समोरच्याला नकाशा काढायला सांगा : क्वार्टर कुठे होती, पाण्याचा नळ कुठे, दळण कुठे, पगाराच्या दिवशी उधारी कुणाकडे चुकती व्हायची. 'आठवणी सांगा' म्हटलं की माणूस भाषण देतो; हातात पेन्सिल आली की शेजाऱ्यांची नावं आपोआप निघतात.

तारखा विचारू नका, त्या कुणालाच आठवत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तुम्ही कोणत्या पाळीला होता? बहात्तरच्या दुष्काळात घरी किती माणसं होती, गावाकडून कोण राहायला आलं होतं? मिरजेकडची गाडी मीटरगेजची होती तेव्हा कामाला लागलात की नंतर? असं विचारलं की वर्षं बरोबर लागत जातात. स्टेशनाचं नावही कामाला येतं. ते आधी कुंडल रोड होतं, पुढे किर्लोस्करवाडी झालं. घरातल्या जुन्या पत्रांवर कोणतं नाव आहे ते बघा.

बायकांशी वेगळं बोला, आणि घरातले पुरुष बाहेर गेल्यावर बोला. हे मी आग्रहाने सांगते. भोंग्याच्या आधी डबा तयार ठेवणारी, रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून पोरांना दिवसभर बाहेर राखणारी बाई कारखान्याच्या वेळापत्रकावरच जगत होती. तिचं नाव मात्र मस्टरवर कधीच नव्हतं. पुरुष शेजारी बसला की तीच 'यांनाच विचारा' म्हणते.

कुंडल, पलूसकडून सायकलवर येणाऱ्यांना विसरू नका. वाडीत क्वार्टर मिळालेल्याला गाव वेगळं दिसतं आणि दिवेलागणीला बाहेर पडणाऱ्याला वेगळं. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर दोन्ही लिहा.

वाडीच्या सुरुवातीच्या काळात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या रखवालीवर ठेवलं होतं, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. अशा घरातलं कुणी भेटलं तर गुन्ह्याबद्दल एक शब्दही काढू नका. रखवाली कशी चालायची, कंदील कुठला होता, पगार काय होता, हे विचारा.

यानंतर कागद. १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर' या नियतकालिकाचे जुने अंक ग्रंथालयात मिळाले तर जाहिराती आधी वाचा. लोखंडी नांगर, मग पंप असा माल कसा बदलत गेला ते त्यांतून कळतं आणि मोल्डर, टर्नर काय घडवत होते ते डोळ्यांपुढे येतं. नांगराचंच घ्या. लोखंडाने जमीन विषारी होईल असं शेतकऱ्यांना वाटायचं आणि पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. घरोघरी फंडाच्या पावत्या, कायम झाल्याचं पत्र, रेशनकार्ड असतं. त्यांचे तिथेच मोबाइलवर फोटो घ्या, मूळ कागद मागू नका.

लिहून झालं की ज्याचं त्याला वाचून दाखवा. 'हे काढून टाक' म्हणाले तर काढा. एक प्रत त्या घरी, एक शाळेत आणि एक गावच्या वाचनालयात द्या. प्रत्येक प्रतीवर कुणी, कधी सांगितलं ते शाईने लिहा.